वॉर्सा : पुन्हा उभे राहिलेले शहर

युरोपातील जुने शहर पाहायला गेलेला प्रवासी पहिल्या दिवशी बहुधा त्या शहराचा सर्वांत जुना भाग पाहतो. दगडी रस्ते, अरुंद गल्ल्या, राजवाडा, चर्च हे सारे पाहून तो विचारतो, 'हे किती वर्षांपूर्वीचे आहे?' पोलंडची राजधानी वॉर्सा येथे या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. तेथील जुने शहर सुमारे सातशे वर्षांपूर्वी वसले. पण त्यातील बहुतेक इमारती आपल्या आजी-आजोबांच्या काळात बांधलेल्या आहेत. हे कसे घडले? चला, एक दिवस वॉर्सात फिरून पाहू या.

सकाळी आपण राजवाड्यासमोरच्या चौकात येतो. चौकात सुमारे २२ मीटर उंच स्तंभ आहे. त्यावर राजा तिसरा झिगमुंट याचा पुतळा आहे. या राजाने पोलंडची राजधानी क्राकुफहून वॉर्सास आणली. १६४४ साली त्याच्या मुलाने हा स्तंभ उभारला. जवळच राजवाड्याच्या भिंतीलगत दगडी खांबांचे मोठमोठे तुकडे पडलेले दिसतात. ते पूर्वीच्या स्तंभाचे आहेत. १९४४ मध्ये जर्मन सैन्याने स्तंभ पाडला. १९४९ मध्ये नवा खांब करून राजाचा पुतळा पुन्हा वर चढवला गेला. मोडके तुकडे मात्र मुद्दाम जपून ठेवले.

इतक्यात सव्वाअकरा वाजतात आणि राजवाड्याच्या मनोऱ्यावरून बिगुलाचे सूर ऐकू येतात. अकरा नाही, बारा नाही, सव्वाअकराच का? १७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन हल्ल्यात राजवाड्याला आग लागली आणि मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. ती वेळ लोक विसरले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षांहून अधिक काळ वॉर्सा जर्मनीच्या ताब्यात होते. १ ऑगस्ट १९४४ रोजी शहरातील लोकांनी उठाव केला. ते ६३ दिवस लढले, पण अखेर हरले. त्यानंतर शत्रूने उरलेल्या रहिवाशांना शहराबाहेर हाकलले. मग घरे जाळली, इमारतींना सुरुंग लावले. राजवाडाही उडवून दिला. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. राजधानी दुसरीकडे न्यावी, असाही विचार तेव्हा पुढे आला. परंतु जानेवारी १९४५ मध्ये शहर मुक्त होताच लोक परत आले आणि ढिगाऱ्यांत राहू लागले. त्यांना आपलेच शहर हवे होते.

पण नाहीशी झालेली घरे पुन्हा तशीच कशी बांधायची? येथे चित्रे कामी आली. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार वॉर्साच्या राजदरबारी होता. त्याने शहरातील रस्ते आणि इमारती बारकाईने रंगवल्या होत्या. युद्धापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनीही अनेक घरांची मापे घेऊन नकाशे काढले होते. युद्धकाळात जाणकारांनी जिवावर उदार होऊन हे नकाशे लपवून ठेवले. त्यांच्या आधारे काम सुरू झाले. ढिगाऱ्यातून कोरीव दगड वेचून ते पुन्हा भिंतींत बसवण्यात आले. १९५३ मध्ये जुन्या शहराचा मोठा भाग तयार झाला. राजवाड्याला अधिक वेळ लागला. १९७१ ते १९८४ या काळात तो लोकांच्या देणग्यांतून उभा राहिला.

आता आपण बाजारचौकात पोहोचतो. भोवती पिवळी, लाल, हिरवी घरे आहेत. मधोमध हातात तलवार आणि ढाल घेतलेल्या जलपरीचा पुतळा आहे. जलपरी हे या शहराचे चिन्ह आहे. पुढे जुन्या तटाचा बुरूज ओलांडला, की फ्रेता नावाचा रस्ता लागतो. येथे १८६७ साली थोर शास्त्रज्ञ मेरी क्युरी यांचा जन्म झाला. तेव्हा पोलंड स्वतंत्र नव्हता. १८९८ मध्ये त्यांनी व त्यांच्या पतीने शोधलेल्या एका मूलद्रव्याला आपल्या देशावरून 'पोलोनियम' हे नाव दिले.

दुपारी काही रस्त्यांवर जमिनीत बसवलेली लोखंडी पट्टी दिसते. तेथे एकेकाळी उंच भिंत होती. १९४० मध्ये जर्मनांनी चार लाखांहून अधिक यहुद्यांना त्या भिंतीआड कोंडले. त्यांतील बहुतेक भुकेने, रोगराईने किंवा छळछावणीत मेले. इमारती पुन्हा बांधता आल्या. ही माणसे परत आली नाहीत. त्या पट्टीजवळ लोक क्षणभर थांबतात.

या शहराचे आपल्या महाराष्ट्राशीही नाते आहे. युद्धात बेघर झालेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आसरा मिळाला. त्यांत स्त्रिया आणि मुले जास्त होती. १९४३ ते १९४८ पर्यंत तेथे त्यांची वसाहत होती. या मदतीची आठवण ठेवणारे स्मारक वॉर्सात आहे.

युनेस्कोने १९८० मध्ये वॉर्साच्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान दिला. 'ही तर नक्कल आहे,' असे कोणी म्हणेल. पण मान केवळ दगड-विटांना मिळाला नाही. आपला इतिहास पुसू न देण्याचा लोकांनी केलेला निर्धारही तितकाच मोलाचा ठरला. आपल्या गावातला जुना वाडा, दर्गा, मंदिर किंवा विहीर पाहताना एवढे लक्षात ठेवावे : पडल्यावर पुन्हा बांधणे फार कठीण असते, आधीच जपणे सोपे.

स्वाध्याय
१. राजवाड्यावर सव्वाअकरा वाजता बिगूल का वाजतो?
२. शहर पुन्हा बांधताना चित्रांचा व नकाशांचा काय उपयोग झाला?
३. वॉर्सा आणि कोल्हापूर यांचे नाते सांगा.
४. तुमच्या गावातील एका जुन्या इमारतीची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळींत लिहा.