चाकणची ड्यूक

जून 2013 मध्ये केटीएम 390 ड्यूक भारतात आली ती साधारण 1 लाख 80 हजार रुपयांना. त्या पैशात 43 अश्वशक्ती, लिक्विड कूलिंग आणि वर एबीएस, म्हणजे कॉलेजच्या पोरांना लॉटरीच. कंपनी ऑस्ट्रियाची, पण 2007 मध्ये बजाज ऑटोने तिच्यात भांडवल घातलं आणि ही गाडी बनू लागली आपल्या चाकणला. तिथून ती युरोपातही गेली.

अंगावर फेअरिंग नाही. नळ्यांची जाळीदार चौकट उघडी. खरी गंमत आहे इंजिनात. एकच सिलिंडर, 373 सीसी. बोअर 89 मिलिमीटर, स्ट्रोक फक्त 60. पिस्टनची धाव आखूड, म्हणून इंजिन आनंदाने नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढतं आणि ताकदही तिथेच देतं. खाली मात्र रुसतं. वरच्या गिअरमध्ये तीस-पस्तीसने रेंगाळायला जा, चेन खडखडते, गाडी आचके देते, डावा हात आपोआप क्लचवर जातो. सिग्नलला उभं राहिलं की रेडिएटरचा फॅन घोंघावतो आणि गरम हवा थेट पायांवर येते. मे महिन्यात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ही शिक्षाच.

2017 च्या मॉडेलमध्ये राइड-बाय-वायर (म्हणजे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल), स्लिपर क्लच आणि रंगीत डिस्प्ले होता. चर्चा डिस्प्लेचीच झाली, पण घाट उतरताना गिअर पटापट खाली टाकले तरी मागचं चाक उड्या मारत नाही, ते स्लिपर क्लचमुळे.

मोठा बदल 2023 चा. बोअर तेवढाच ठेवून स्ट्रोक 64 केला. चार मिलिमीटरच, पण इंजिन 399 सीसीचं झालं, टॉर्क 37 वरून 39 न्यूटन मीटरवर गेला आणि खालच्या फेऱ्यांतली कुरकुर बरीच कमी झाली. टाकीही 15 लिटरची झाली. उभ्या जागेवरून झटक्यात निघायला लाँच कंट्रोल दिलंय. ते मित्रांना दाखवण्यापलीकडे रस्त्यावर कशाला लागणार?

मागे बसणाऱ्याचे हाल अजून संपलेले नाहीत. रोज दोघांनी जायचं असेल तर दुसरी गाडी बघा. एकट्याला घाटाची हौस असेल, तर हिच्या आजच्या किमतीच्या आसपास इतकी चपळ गाडी मला दिसत नाही. टेस्ट राइड मात्र मोकळ्या हायवेवर नको, संध्याकाळच्या गर्दीत घ्या.