काच, छायाचित्र आणि ‘भरून येणे’ : शरीरविषयक समकालीन कलेच्या मराठी परिभाषेचा विचार

१

गेल्या तीन-चार दशकांत भारतीय दृश्यकलेत काच, आरसा आणि छायाचित्र या साधनांच्या आधारे मानवी शरीर, त्याला झालेली इजा आणि त्या इजेतून त्याचे सावरणे यांचा विचार करणाऱ्या अनेक कृती निर्माण झाल्या आहेत. त्यांविषयी मराठीत लिहू लागले म्हणजे पहिली अडचण परिभाषेची येते. इंग्रजीतील ‘हीलिंग’ या एका शब्दात जखमेचे भरणे, रोग्याचे बरे होणे, मनाचे शांत होणे आणि दुभंगलेल्या समाजाचे पुन्हा सांधले जाणे इतके अर्थ सामावतात. मराठीत त्याच्या जागी ‘उपचार’ हा शब्द योजण्याकडे कल दिसतो आणि त्यातून ‘उपचारात्मक कला’ असा शब्दप्रयोग सिद्ध होतो. हा प्रयोग दिशाभूल करणारा आहे. उपचार हे वैद्याचे कर्म होय. भरून येणे हा शरीराचा व्यापार होय. एक केले जाते, दुसरे घडते. कर्ता बदलला की कलाकृतीकडून आपण काय अपेक्षावे, हेही बदलते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नित्याच्या मराठी शब्दांच्या आधारे करावयाचा आहे. उदाहरणांसाठी रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण आणि रोहे हा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. पेण व त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे यांसारखी गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. शरीर घडवणे, सांधणे आणि रंगवणे हा तेथील व्यवसाय आहे. कुंडलिकेच्या काठच्या रोह्यात एकीकडे भातशेती आणि दुसरीकडे धाटावचे रासायनिक कारखाने आहेत. शरीराला इजा करणारी साधने तेथे विळ्यापासून यंत्रापर्यंत सर्व प्रकारची आहेत. पुढे दिलेले शब्द केवळ याच भागातले आहेत असे नव्हे. ते सर्व मराठी भाषकांचे आहेत. परंतु मूर्तिशाळा आणि दवाखाना या दोन्ही ठिकाणी तेच शब्द कसे वावरतात, हे येथे विशेष स्पष्टपणे दिसते.

२

प्रथम ‘काच’ हा शब्द घेऊ. मराठीत उच्चाराने सारखे असे दोन शब्द आहेत. एक स्त्रीलिंगी ‘काच’, म्हणजे पारदर्शक पदार्थ. तिचे सामान्यरूप ‘काचे-’. दुसरा पुल्लिंगी ‘काच’, म्हणजे घासून होणारी पीडा आणि त्यावरून जाच, छळ. त्याचे सामान्यरूप ‘काचा-’. दोर काचतो, पट्टा काचतो, सासुरवाशिणीला काच होतो, तो हा दुसरा शब्द. केवळ ध्वनिसाम्यावरून या दोहोंचे मूळ एक मानणे शास्त्राला धरून होणार नाही. पण भाषकाच्या मनात ध्वनिसाम्यही काम करीत असते, आणि पदार्थ व पीडा यांची ही शेजारणी मराठी कानाला परकी वाटत नाही, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा वैद्यकाचा आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘काच’ हे नेत्ररोगाचे नाव आहे. वाग्भटाच्या क्रमानुसार तिमिर वाढला की काच होतो आणि काच वाढला की लिंगनाश, म्हणजे दृष्टीचा नाश, होतो. आजचा ‘काचबिंदू’ हा रोग त्या प्राचीन काचाहून निराळा असला, तरी नावात तो शब्द टिकून आहे. तेव्हा काच ही केवळ पाहण्याचे साधन नव्हे. पाहणे जेथे बिघडते त्या अवस्थेचेही नाव काच हेच आहे. भोवतालचे शब्दही हेच सांगतात. ‘आरसा’ हा संस्कृत ‘आदर्श’पासून प्राकृताच्या मार्गाने आला, ‘ऐना’ आणि ‘चष्मा’ फारसीतून आले, आणि ‘चष्मा’च्या मुळाशी डोळ्याचा वाचक शब्द आहे. दृष्टी, दोष आणि दुरुस्ती अशी तिन्ही अंगे या शब्दकुलात एकत्र नांदतात.

३

छायाचित्राची कथा अशीच आहे. ‘छायाचित्र’ हा घडवलेला शब्द. बोलण्यात आपण ‘फोटो काढतो’. येथील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो. तसेच काटा काढतो, टाके काढतो, दृष्ट काढतो. ‘काढणे’ या एकाच धातूत निर्माण करणे आणि शरीरातून वा शरीरावरून काही दूर करणे हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून मराठीत छायाचित्र हे शरीराचे निव्वळ प्रतिरूप राहत नाही; शरीरातून काहीतरी बाहेर आले, अशी सूचना क्रियापदच देते.

या सूचनेला छायाचित्रणाच्या इतिहासात अनपेक्षित आधार मिळतो. कलोडियन नावाचा चिकट द्रव वाळला की त्याचा पातळ, पारदर्शक पापुद्रा होतो. १८४८ च्या सुमारास अमेरिकेत जॉन पार्कर मेनार्ड या वैद्याने जखमेवर आवरण म्हणून त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने तोच द्रव काचेवर पसरून, त्यावर प्रकाशाला संवेदनशील असे रौप्यक्षार धरून ठेवण्याची रीत जाहीर केली. पुढची सुमारे तीस वर्षे छायाचित्रे मुख्यतः या काचांवर घेतली गेली. ज्या द्रवाने त्वचा झाकली जात होती, त्यानेच काचेवर माणसाचे रूप धरून ठेवले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नारायण दाजी होते. कुष्ठरोगावरील औषधाच्या शोधासाठी ख्यात असलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांचे बंधू. वैद्यक आणि छायाचित्रण ही दोन कामे एकाच माणसाने करावी, यात त्या काळी विसंगती नव्हती.

१८९५ च्या डिसेंबरात राँटगेन याने आपल्या पत्नीच्या हाताचे हाडे दाखवणारे चित्र घेतले, तेही पोकळ काचनळी आणि छायाचित्राची पट्टी यांच्याच साह्याने. या अज्ञात किरणांना मराठीने ‘क्ष-किरण’ हे नाव दिले. बीजगणितातील अव्यक्त राशीचे अक्षर शरीराच्या अंतर्भागाला मिळाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दवाखान्यातून मिळालेली काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहणारा माणूस प्रकाश, छाया आणि स्वतःचे मोडलेले हाड एकाच वेळी पाहत असतो. समकालीन कलावंताची सामग्री त्याच्या हातात आधीच असते.

४

आता इजेचे आणि सावरण्याचे शब्द पाहू. मराठी या बाबतीत अत्यंत काटेकोर आहे. कापड फाटते, दोरा तुटतो, हाड मोडते, काच फुटते. विळ्याने कापते, दोराने काचते, विस्तवाने भाजते, दगडावर ठेच लागते, पाय मुरगळतो. सावरण्याच्या क्रियाही अशाच वाटून दिल्या आहेत : जखम भरते, हाड जुळते, ताप उतरतो, सूज ओसरते, औषधाचा गुण येतो. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. वैद्य टाके घालतो, हाड बसवतो, प्लास्टर घालतो. या क्रिया सकर्मक आहेत. परंतु जुळणे आणि भरणे त्याच्या हाती नाही. मघाशी केलेल्या कर्म आणि व्यापार या भेदाला व्याकरणाचा आधार आहे, तो असा.

‘बसवणे’ या क्रियापदापाशी पेणची आठवण अटळ होते. हाड बसवतात, तसा गणपतीही बसवतात. प्लास्टर ऑफ पॅरिस हा पदार्थही दोन्हीकडे समान आहे. जिप्सम तापवून केलेली ही भुकटी पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट होते. १८५१-५२ मध्ये अंतोनियस माथाइसन या डच लष्करी शल्यवैद्याने तिच्या पट्ट्या मोडलेल्या अवयवाभोवती गुंडाळण्याची रीत रूढ केली. आणि शाडूच्या जोडीने हीच भुकटी पेणच्या साच्यांत गेली. साच्यातून निघालेले भाग जोडले जातात, सांधे घासून बुजवले जातात, रंग चढतो आणि अखेरीस डोळे आखले जातात. डोळे आखले की मूर्ती पाहू लागते, अशी भावना असते.

मूर्तीला तडा गेला तर काय? खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, असा संकेत आहे. तिचे विसर्जन करतात. म्हणजे परंपरेत भंगलेली प्रतिमा बरी होत नाही, ती पाण्याला परत दिली जाते. पण जी मूर्ती घडवली जाते ती कोणाची? एकदंताची. जिचा एक दात तुटला आहे आणि जिचे मस्तक छेदले जाऊन तेथे दुसरे जोडले गेले आहे, अशा शरीराची. भंगलेल्या प्रतिमेला नाकारणारा संकेत आणि भंगलेल्या, सांधलेल्या शरीराला प्रथम पूजेचा मान देणारी कथा, या दोन्ही गोष्टी एकाच मूर्तिशाळेत वास करतात. आपली परंपरा केवळ अखंडतेची पूजक आहे, हे सरसकट विधान म्हणून टिकत नाही.

काचेचे मात्र वेगळे आहे. फुटलेल्या काचेसाठी ‘भरणे’ नाही आणि ‘जुळणे’ही नाही, ती बदलावी लागते. शरीराविषयी बोलताना कलावंत काच किंवा आरसा निवडतो, तेव्हा पूर्ववत होण्याचे आश्वासन न देणारे द्रव्य तो निवडत असतो.

५

या विवेचनाची कसोटी मुंबईच्या रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांच्या कार्यावर घेता येते. डिसेंबर १९९२ मधील बाबरी मशिदीचा विध्वंस आणि त्यानंतरच्या मुंबईतील दंगली यांनंतर त्या चित्रफलक सोडून वस्तू, छायाचित्र आणि स्वतःचे शरीर यांकडे वळल्या. दुभंगलेले मातीचे घडे आणि आरसे यांची मांडणी त्यांनी केली. अर्धा घडा आरशाला टेकला की प्रतिबिंबात पूर्ण दिसतो. पण ती पूर्णता काचेत असते, घड्यात नव्हे. घडा हा घुमट वाटतो आणि उदरही वाटतो. १९९६ मधील ‘होम/नेशन’ या मांडणीत उघडे मुख, चिरलेली पपई आणि वास्तूच्या कमानी यांची छायाचित्रे शेजारी शेजारी येतात. शरीराची जखम आणि नगराची जखम यांतली रेषा पुसली जाते.

पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. त्यांची अखेरची मोठी मांडणी ‘अ स्पेस फॉर हीलिंग’ १९९९ मध्ये ब्रिस्बेन येथील आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिकीत दाखवली गेली. तिची सामग्री कापड, प्लास्टिक आणि लोखंडी हत्यारे अशी आहे. पण काच व छायाचित्र यांतून सुरू झालेला विचारच येथे शेवटास जातो. ती जागा रुग्णालयाची वाटते आणि प्रार्थनेचीही. भिंतीवरची हत्यारे एखाद्या लिपीतील अक्षरांसारखी भासतात. त्याच वर्षी रुमाना हुसेन यांचे निधन झाले.

येथे परिभाषेचा प्रश्न केवळ कोशाचा राहत नाही. या कृतीला ‘उपचारात्मक’ म्हटले, तर कलावती वाचली नाही म्हणून उपचार विफल ठरला, असा निष्कर्ष ओघाने येतो. आणि तो अन्यायाचा आहे. शीर्षकाचे भाषांतर ‘बरे होण्याची जागा’ असे केले तरी तीच अडचण राहते.

६

माझ्या मते या ठिकाणी ‘स्वस्थ’ हा जुना शब्द पुन्हा हाती घ्यावा. त्याचा मूळ अर्थ स्वतःत स्थित असलेला. वैद्यकाने त्याला निरोगी हा अर्थ दिला, मराठीने ‘स्वस्थ बसणे’ यात शांत हा अर्थ जपला आणि ‘अस्वस्थ’ या शब्दात मनाची तळमळ ठेवली. रोग, मन आणि जागा हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. रोग नाहीसा झालाच पाहिजे अशी अट मात्र व्यवहारातील मराठीने ठेवलेली नाही. ‘स्वस्थ होण्याची जागा’ असे म्हटले तर त्या कृतीवर अन्याय होत नाही.

सारांश, अभ्यासकांनी तीन भेद पाळावेत असे सुचवावेसे वाटते. कोणी कोणावर काही करीत असेल तेथे ‘उपचार’. शरीर वा समाज आपल्या गतीने सावरत असेल तेथे ‘भरून येणे’ किंवा ‘सांधले जाणे’. आणि इजा कायम असूनही मनुष्य स्वतःत ठरू पाहत असेल तेथे ‘स्वस्थ होणे’. भरून आलेल्या जखमेचाही व्रण उरतो आणि मराठीत त्या व्रणाला नाव आहे. काचेने आणि छायाचित्राने शरीराचा विचार करणारी कला बहुधा त्या व्रणापाशीच उभी असते. तिच्याविषयी लिहिणाऱ्याने शब्द निवडताना तेथपर्यंत जाणे आवश्यक आहे.