घर बापाच्या नावावर, मग अर्ज चालेल का?

मासेमारी बंदीचे दोन महिने बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर: चालतो. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. लग्न झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरतात, मग तो भाड्याच्या खोलीत राहो की बापाकडे. फक्त त्या कुटुंबातल्या कोणाच्याच नावावर देशात कुठंही पक्कं घर नको.

खरा घोळ जागेचा. स्वतः घर बांधायचं तर जागा आपल्या नावाची लागते, आणि वाड्यावरची किती घरं कोमुनिदादच्या जमिनीवर आहेत ते आपल्याला माहीतच आहे. मग उरतो कर्जाचा मार्ग. घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि वर्षाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत.

पण बँक आधी कमाई विचारते. खलाशाच्या वाट्याची पावती कोण देतो? म्हणून सोसायटीत घातलेल्या मासळीच्या पावत्या फेकू नका, पैसे खात्यावरच घ्या.

पंचायत हद्दीतल्यांसाठी ग्रामीण योजना वेगळी आहे. शहरातल्यांनी घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं घेऊन आधी नगरपालिकेत विचारावं.