द्विनेत्री दुर्बीण (निवड आणि खरेदी)

द्विनेत्री दुर्बीण (बोलीभाषेत बायनॉक्युलर किंवा नुसती दुर्बीण) हे दूरच्या वस्तू दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी मोठ्या करून पाहण्याचे प्रकाशीय उपकरण होय. पक्षीनिरीक्षण, आकाशनिरीक्षण, वनरक्षण, सागरी वाहतूक, सैनिकी टेहळणी आणि प्राचीन वास्तूंचा अभ्यास यांसाठी तिचा वापर होतो. दुर्बिणीचा दर्जा मुख्यतः भिंगांची काच, लोलक, काचेवरील लेप आणि दोन्ही नळ्यांची जुळणी यांवर ठरतो. विवर्धनाचा आकडा त्या मानाने गौण असतो. यांतील बहुतेक बाबी कोणत्याही खास उपकरणाशिवाय तपासता येतात. त्यामुळे मोठ्या शहरातील दुकानांपासून दूर राहणाऱ्या ग्राहकालाही नव्या किंवा जुन्या दुर्बिणीची पारख करणे शक्य होते.

इतिहास

इ.स. १६०८ मध्ये हान्स लिपरहे या चष्मे बनवणाऱ्या कारागिराने नेदरलँड्समध्ये दुर्बिणीच्या एकाधिकारासाठी अर्ज केला, तेव्हाच त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशा उपकरणाची मागणी करण्यात आली होती. मात्र दोन नळ्या तंतोतंत समांतर बसवणे अवघड असल्याने अशी उपकरणे दीर्घकाळ कमी विवर्धनाचीच राहिली. इग्नाझिओ पोरो या इटालियन संशोधकाने १८५४ मध्ये लोलकांच्या साहाय्याने उलटी प्रतिमा सुलट करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. अर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली जर्मनीतील झाइस कंपनीने १८९४ मध्ये पोरो लोलकांच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. १९३५ मध्ये याच कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवरील परावर्तन कमी करणारा लेप विकसित केला. रूफ लोलकांच्या दुर्बिणींतील प्रतिमेचा धूसरपणा घालवणारा कला-सुधार लेप झाइसने १९८८ मध्ये वापरात आणला. जुन्या दुर्बिणींचे मूल्य ठरवताना ही शेवटची दोन वर्षे महत्त्वाची ठरतात.

अंकांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असे अंक असतात. पहिला अंक विवर्धन, तर दुसरा समोरच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, मिलिमीटरमधील व्यास दाखवतो. दुसऱ्या अंकाला पहिल्याने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो.

• ८×२५ : सुमारे ३.१ मिमी
• ८×३२ : ४ मिमी
• १०×४२ : ४.२ मिमी
• ८×४२ : सुमारे ५.२ मिमी
• ७×५० : सुमारे ७.१ मिमी

भर उन्हात माणसाच्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमी इतकी आकसते, तर काळोखात तरुण व्यक्तीची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत विस्फारते; वयानुसार ही मर्यादा कमी होते. त्यामुळे दुपारी ८×२५ आणि ८×४२ या दुर्बिणींच्या उजेडात फारसा फरक जाणवत नाही. पहाटे व संध्याकाळी मात्र तो ठळकपणे दिसतो, आणि पक्ष्यांची हालचाल याच वेळी सर्वाधिक असते.

विवर्धन वाढले की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दृश्यक्षेत्र आक्रसते. हातात धरून वापरण्यासाठी १० पट ही बहुतेकांच्या दृष्टीने व्यवहार्य मर्यादा होय. त्यापुढे सामान्यतः तिपाई लागते.

दर्जा ठरवणारे घटक

लोलक : पोरो लोलकांच्या दुर्बिणीत समोरची भिंगे नेत्रभिंगांपेक्षा एकमेकांपासून लांब असतात, तर रूफ लोलकांच्या दुर्बिणीच्या नळ्या सरळ असतात. रूफ रचना आटोपशीर असते व तिला धूळ-पाण्यापासून जपणे सोपे जाते, परंतु तिचे लोलक अत्यंत काटेकोरपणे घडवावे लागतात. म्हणून कमी किमतीत पोरो दुर्बीण सहसा त्याच किमतीच्या रूफ दुर्बिणीपेक्षा स्वच्छ प्रतिमा देते. महाग रूफ दुर्बिणींत कला-सुधार लेपामुळे ही उणीव राहत नाही.

लेप : लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग असल्यास जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. 'कोटेड' या शब्दाचा अर्थ काही पृष्ठभागांवर एकपदरी लेप, तर 'फुली मल्टिकोटेड' याचा अर्थ हवेशी संपर्क असलेल्या सर्व पृष्ठभागांवर बहुपदरी लेप असा होतो. भडक लाल दिसणारी भिंगे ही दर्जाची खूण नव्हे. असा लेप लाल प्रकाश परत फेकतो व दृश्याचे मूळ रंग बिघडवतो.

काच : 'ईडी' प्रकारच्या काचेमुळे वस्तूंच्या कडांभोवती दिसणारी जांभळी-हिरवी रंगझालर कमी होते. लोलकांसाठी 'बीएके-४' ही काच 'बीके-७' पेक्षा सरस मानली जाते.

डोळ्यापासूनचे अंतर : पूर्ण दृश्य दिसण्यासाठी डोळा नेत्रभिंगापासून किती दूर ठेवता येतो, हे अंतर चष्मा वापरणाऱ्यांसाठी निर्णायक असते. ते १५ मिमीपेक्षा कमी असल्यास चष्म्यातून दृश्याचा केवळ मधला भाग दिसतो.

जलरोधकता : आत नायट्रोजन वायू भरून बंद केलेल्या दुर्बिणीत पाणी शिरत नाही व आतील भिंगांवर दव धरत नाही.

खानदेशातील उपयोग

खानदेशात चांगल्या दुर्बिणीचे महत्त्व रानपिंगळ्याच्या इतिहासातून स्पष्ट होते. या घुबडाचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. पुढे ब्रिटिश सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर या पक्ष्याची एकही खात्रीलायक नोंद नव्हती. रिचर्ड माइनर्ट्सहागन याने १९१४ चा म्हणून दाखवलेला गुजरातमधील नमुना हा संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी माहिती लिहिलेला जुना नमुना असल्याचे नंतर उघड झाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहादा परिसरात हा पक्षी जिवंत आढळला. त्यानंतर तोरणमाळ व यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली आहे.

एकोणिसाव्या शतकात पक्ष्याची ओळख बंदुकीने मारलेल्या नमुन्यावरून ठरत असे; आज ती मुख्यतः दुर्बिणीतून दिसणाऱ्या खुणांवरून व छायाचित्रांवरून ठरते. रानपिंगळा आणि गावोगावी आढळणारा साधा पिंगळा यांच्या आकारात फार फरक नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, तर रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याचे पोट पांढरे व बिनपट्ट्यांचे असून पंख आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे असतात. सागाच्या पानांआडून पन्नास मीटरवरून हा फरक दिसण्यासाठी प्रतिमा रेखीव असावी लागते. मंद प्रतिमेत डोक्यावरचे ठिपके पुसट होऊन साधा पिंगळा रानपिंगळा म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. रानपिंगळ्यासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या अधिवासाचे संरक्षण अशा नोंदींच्या आधारे होत असल्याने ही चूक किरकोळ मानली जात नाही.

प्रदेशानुसार योग्य दुर्बीण बदलते.

• सातपुड्याचे जंगल व गौताळा अभयारण्य : झाडोऱ्यात पक्षी पटकन सापडण्यासाठी रुंद दृश्यक्षेत्राची ८×३२ किंवा ८×४२.
• हतनूर, वाघूर यांसारखे जलाशय : हिवाळ्यात बदके काठापासून बरीच दूर असतात, १०×४२ किंवा तिपाईवरील एकनेत्री दुर्बीण.
• अजिंठा लेणी : जामनेरच्या दक्षिणेकडील डोंगररांगेतील या लेण्यांत उजेड कमी असतो. लेणे क्र. २ च्या छतावरील चित्रे पाहण्यासाठी ७ किंवा ८ पट विवर्धनाची व दोन-तीन मीटरवरही स्पष्ट दिसणारी दुर्बीण उपयुक्त ठरते.
• आकाशनिरीक्षण : ७×५० किंवा १०×५०.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असल्याने दुपारी दूरचे दृश्य लहरते. हा दोष हवेचा असल्याने महाग किंवा अधिक विवर्धनाच्या दुर्बिणीने तो जात नाही. म्हणून दुर्बिणीची चाचणी सकाळी घेणे इष्ट असते.

नवी दुर्बीण घेताना

झाइस, लायका व स्वारोव्स्की या कंपन्यांच्या सर्वोच्च श्रेणीतील दुर्बिणींची किंमत लाखाच्या पुढे जाते. निकॉन, कोवा, व्हॉर्टेक्स आदी कंपन्यांच्या मध्यम श्रेणीत तिच्या काही अंशाने दर्जेदार प्रतिमा मिळते. किंमत दुप्पट झाली म्हणून प्रतिमा दुप्पट चांगली होत नाही. वरच्या श्रेणीतील फरक प्रामुख्याने मंद प्रकाशात आणि दृश्याच्या कडांवर जाणवतो.

जत्रेत, पर्यटनस्थळी व ऑनलाइन बाजारात '६०×६०' असे अंक लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी विकल्या जातात. त्यांची सत्यता मोजपट्टीने पडताळता येते. दुर्बीण हातभर दूर उजळ आकाशाकडे धरल्यास नेत्रभिंगात एक प्रकाशवर्तुळ दिसते. समोरच्या भिंगाचा व्यास या वर्तुळाच्या व्यासाने भागल्यास खरे विवर्धन मिळते. भिंग ४० मिमी व वर्तुळ ५ मिमी असेल, तर अंक काहीही असोत, ती दुर्बीण ८ पटीचीच असते. विवर्धन बदलणाऱ्या 'झूम' दुर्बिणींत दृश्यक्षेत्र अरुंद असते व दोन्ही नळ्यांची जुळणी टिकणे कठीण असते. त्यामुळे अनुभवी निरीक्षक त्या टाळतात.

जवळपास दुकान नसल्यास पक्षीगणनेच्या किंवा निसर्गभ्रमंतीच्या वेळी इतरांच्या दुर्बिणी वापरून पाहणे हा उत्तम मार्ग होय. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत, पक्के बिल आणि भारतात लागू असलेली हमी या तीन बाबी आधी पाहाव्यात. अधिकृत विक्रेत्याशिवाय आयात झालेली वस्तू स्वस्त मिळाली, तरी तिला येथील सेवाकेंद्राची हमी मिळेलच असे नसते. पुढील विभागातील चाचण्या परतीच्या मुदतीत नव्या दुर्बिणीवरही कराव्यात, कारण वाहतुकीतील धक्क्याने जुळणी बिघडू शकते.

जुनी दुर्बीण घेताना

भिंगे सहजासहजी झिजत नसल्याने नीट जपलेली उच्च दर्जाची जुनी दुर्बीण अनेकदा तेवढ्याच किमतीच्या नव्या दुर्बिणीपेक्षा सरस असते. तथापि १९८८ पूर्वीच्या रूफ दुर्बिणींत कला-सुधार लेप नसतो. त्या काळातील पोरो दुर्बिणी अधिक भरवशाच्या ठरतात. सोव्हिएत बनावटीच्या जुन्या दुर्बिणी मजबूत असतात, परंतु त्यांतील अनेकींत दृश्य पिवळसर दिसते. खरेदीपूर्वी पुढील चाचण्या केल्या जातात.

१. अक्षजुळणी : विजेची तार किंवा छपराची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू १० ते १५ सेंमी दूर न्यावी. दोन्ही वर्तुळांत ती रेषा एकाच उंचीवर दिसली पाहिजे. जुळणी किंचित बिघडली असेल तर डोळे ती भरून काढतात. मात्र काही मिनिटांत ताण येतो व डोके दुखू लागते. हा सर्वांत गंभीर दोष होय.

२. आतील भिंगे : समोरच्या बाजूने विजेरीचा झोत टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. ती लेप कुरतडते व साफ केल्यावरही डाग राहू शकतात. समान पसरलेले धुके हे वंगणाच्या वाफेचे असू शकते. धुळीचे एक-दोन कण निरुपद्रवी असतात.

३. प्रकाशवर्तुळ : ते पूर्ण गोल असावे. चारही बाजूंनी करड्या कडा दिसून ते चौकोनी भासल्यास लोलक हलक्या प्रतीचे असण्याचा संभव असतो.

४. लेप : ट्यूबलाइटचे प्रतिबिंब भिंगात मंद हिरवे किंवा जांभळे दिसावे. लख्ख पांढरे प्रतिबिंब म्हणजे त्या पृष्ठभागावर लेप नाही किंवा तो पुसला गेला आहे.

५. यांत्रिक भाग : मधले चाक मध्येच न अडकता, न घसरता फिरावे. नेत्रभिंगावर बोटाने हलका दाब दिल्यास दृश्य अस्पष्ट होऊ नये. मधला सांधा इतका सैल नसावा की नळ्या आपोआप मिटतील.

६. रंगझालर व रेखीवपणा : पांढुरक्या आकाशासमोरील मनोऱ्याच्या कडा पाहाव्यात. रात्री तेजस्वी तारा दृश्याच्या मध्यभागी बिंदूसारखा दिसावा.

चाचणीपूर्वी दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घेणे आवश्यक असते. बहुतेक दुर्बिणींत उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दृश्य स्पष्ट करतात; नंतर डावा डोळा झाकून उजव्या नेत्रभिंगाजवळील डायॉप्टर कडे फिरवतात. हे न केल्यास चांगली दुर्बीणही सदोष भासते.

जुळणी बिघडलेली किंवा बुरशी लागलेली दुर्बीण दुरुस्तीचा खर्च विचारूनच घ्यावी. अक्षजुळणीसाठी विशिष्ट उपकरण लागते. घरी पेच उघडल्यास दोष बहुधा वाढतो. अनेक कंपन्यांची हमी केवळ पहिल्या ग्राहकापुरती असल्याने मूळ बिल व अनुक्रमांकाचीही चौकशी केली जाते.

निगा

पावसाळ्यातील दमट हवेत बुरशी वाढते. या काळात दुर्बीण चामड्याच्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी व अधूनमधून कोरड्या उजेडात वापरावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ती ठेवल्यास वंगण पातळ होऊन भिंगांपर्यंत पोहोचू शकते. भिंगांवरील धूळ आधी फुंकणीने किंवा मऊ कुंचल्याने झटकावी आणि मगच स्वच्छ सूक्ष्मतंतू कापडाने पुसावे. धूळ असताना शर्टाच्या टोकाने पुसल्यास लेपावर चरे पडतात. सौर गाळणी समोरच्या भिंगांवर पक्की बसवल्याशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणभरातही दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.