हरलेल्या डावाची वही

बुद्धिबळात हरलेला माणूस फार लवकर दुसरा डाव मांडतो. हरल्याचा सल मनात असतो, समोरच्याचे दैव जोरावर होते अशी समजूत असते आणि पुढच्या डावात सारे वसूल करू असा भरवसाही असतो. मोबाईलवर खेळताना ही घाई आणखी वाढते, कारण तेथे मोहरी मांडण्याचेही श्रम नाहीत. एक बोट लावले की नवा प्रतिस्पर्धी हजर! रात्री अकराला सुरू झालेले हे सत्र दीड-दोन वाजेपर्यंत कसे चालते, हे वसतिगृहातल्या वाचकांना मी सांगायला नको. या लेखात मला त्या पुढच्या डावाविषयी काही सांगायचे नाही. आधीच्या, म्हणजे हरलेल्या डावाचे काय करावे, एवढाच आपला विषय आहे.

अकोल्यात काय किंवा अमरावतीत काय, ओट्यावर पट मांडून बसणाऱ्या जुन्या मंडळींना हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांच्या डावांची तपासणी बघेच करीत. खेळणारे दोन आणि बोलणारे आठ अशी ती मैफल असे. कोणी वजीर गमावला की मागून आवाज यायचाच, "काहून गा, वजीर काहून देल्ला?" त्यावर खेळणारा म्हणे, "घोडं दिसलंच नाही ना मले!" हे उत्तर नीट ऐकण्यासारखे आहे. आपली चाल वाईट होती असे तो म्हणत नाही. आपल्याला काय दिसले नाही ते तो सांगतो. या मंडळींतले काही जण जुन्या हिंदुस्थानी पद्धतीने खेळत. त्या पद्धतीत प्यादे सुरुवातीलाही एकेकच घर सरकते, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. डाव संथ चाले आणि बोलायला भरपूर सवड असे.

मोबाईलवरच्या डावाला बघे नाहीत. प्रतिस्पर्धी कोण, कोठला, हे कळत नाही आणि डाव संपताच तो नाहीसा होतो. बघ्यांच्या जागी आता यंत्र येऊन बसले आहे. १९९७ साली 'डीप ब्लू'ने कास्पारोव्हला सामन्यात हरवले तेव्हा त्यासाठी एक खास संगणक बांधावा लागला होता. २००८ पासून वाढत गेलेला 'स्टॉकफिश' हा संगणकीय कार्यक्रम आज साध्या मोबाईलवर चालतो, कोणालाही फुकट मिळतो आणि जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा बलवान खेळतो. २०१० साली सुरू झालेले 'लिचेस' हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते आणि आपला डाव तपासून देण्याचा एक पैसाही घेत नाही. मूर्तिजापूरच्या किंवा दर्यापूरच्या ज्या मुलाची प्रशिक्षक गाठण्याची ऐपत नाही, त्याच्या हाती ही केवढी मोठी गोष्ट आली आहे! अमरावतीचे स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर झाले आणि नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून आली, तेव्हापासून आमच्याकडच्या घरोघरी पट बाहेर निघाले आहेत. (नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे आम्ही एरवी आवर्जून सांगतो, पण कौतुकाच्या वेळी सगळा विदर्भ एक.)

यंत्राची भाषा आकड्यांची आहे आणि प्यादे हे तिचे माप. एखाद्या स्थितीपुढे +१ दिसले तर पांढऱ्याची बाजू साधारणपणे एका प्याद्याने बरी. उणे ३ दिसले तर काळ्याला एखाद्या घोड्याइतका किंवा उंटाइतका फायदा आहे असे समजावे. आपण खेळलेली चाल आणि यंत्राच्या मते सर्वोत्तम असलेली चाल, यांच्यामुळे जिंकण्याच्या शक्यतेत किती अंतर पडले, त्यावरून चालीपुढे चिन्हे उमटतात. एक प्रश्नचिन्ह म्हणजे चूक, दोन म्हणजे घोडचूक. (हा शब्द मराठीत बुद्धिबळपटूंसाठीच तयार झाला असावा, अशी मला दाट शंका आहे.) एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आपण एका वजिराने पुढे असताना आकडा ९ वरून ७ वर आला तर झोप उडण्याचे कारण नाही, कारण डाव जिंकलेलाच आहे. तोच आकडा शून्यावरून उणे दोनवर गेला तर मात्र थांबून पाहिलेच पाहिजे.

इथपर्यंत सारे ठीक आहे. अडचण यापुढे सुरू होते. यंत्र कोणती चाल चुकली ते सांगते, तिच्याऐवजी काय खेळायला हवे होते तेही सांगते. पण ती चाल खेळणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय चालले होते, हे त्याला ठाऊक नसते. ते विचारायला ओट्यावरचा बघ्याच हवा. आणि आम्ही मुले काय करतो? अचूकतेची टक्केवारी पाहतो, दोन-चार लाल चिन्हांवरून बोट फिरवतो, "हो, हे तर कळत होतंच" असे पुटपुटतो आणि नवा डाव सुरू करतो. तपासून आलेल्या उत्तरपत्रिकेवरचे गुण तेवढे पाहून ती गादीखाली सरकवणाऱ्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार आहे. यंत्राचे उत्तर एकदा डोळ्यांपुढे आले की ते आपल्याला आधीपासून माहीत होते असे वाटू लागते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला या भ्रमाची ओळख असते. इतरांनाही परीक्षेनंतर ती होते.

माझ्या खोलीत राहणारा मित्र मूळचा अकोल्याचा. मागच्या दिवाळीनंतर त्याने एक वही घातली आहे. तिच्यातला मजकूर येथे द्यायला त्याने आनंदाने संमती दिली. त्यामागे त्याचा एक दाखला आहे. १९४८ साली जगज्जेता झालेला रशियन खेळाडू बोटविन्निक सांगत असे की खेळाडूने आपल्या डावांचे विश्लेषण स्वतः करावे आणि ते छापून प्रसिद्ध करावे, म्हणजे त्यातल्या चुका लोक दाखवतील. वार्षिकांकाइतके हक्काचे टीकाकार दुसरीकडे कोठे मिळणार, असे मित्राचे म्हणणे!

वहीचा नियम एकच: यंत्र सुरू करण्याआधी लिहायचे. डाव कोठे फिरला असे आपल्याला वाटते, त्या चालीच्या वेळी मनात काय होते आणि घड्याळात किती वेळ उरला होता, इतके लिहून झाल्यावरच यंत्राला विचारायचे. मग त्याचे उत्तर शेजारी लाल शाईने उतरवायचे. या वहीतला एक लहानसा डाव पाहू. ज्यांना पट मांडता येईल त्यांनी मांडावा.

मित्र पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. राजापुढचे प्यादे ई४, काळ्याचे ई५. घोडा एफ३, काळ्याचा घोडा सी६. उंट सी४, आणि काळ्याने तोच घोडा पुढे काढून डी४ वर ठेवला. आता काळ्याचे ई५ वरचे प्यादे उघडे पडले. चौथ्या चालीला मित्राने घोड्याने ते मारले. काळ्याने वजीर जी५ वर आणला. पाचव्या चालीला मित्राचा घोडा एफ७ वर गेला. आता वजीर आणि हत्ती दोन्ही त्याच्या माऱ्यात! पण काळ्याच्या वजिराने जी२ चे प्यादे घेतले. मित्राने हत्ती एफ१ वर सरकवला, वजिराने ई४ चे प्यादे मारून शह दिला, मित्राने उंट ई२ वर मध्ये घातला, आणि काळ्याचा घोडा एफ३ वर येऊन बसताच मात झाली. उंट वजिरामुळे जखडलेला, राजाला हलायला घर नाही. अवघ्या सात चालींत खेळ खलास. हा सापळा फार जुना आहे आणि आजही रोज कोणी ना कोणी त्यात सापडते.

मित्राने यंत्राआधी लिहिले होते: "चूक चौथ्या चालीला. फुकटचे प्यादे पाहून मोह झाला." यंत्राने वेगळेच सांगितले. चौथी चाल चांगली नव्हती हे खरे. डी४ चा घोडा साधेपणाने मारून टाकला असता तर पांढऱ्याचा डाव छान होता. पण प्यादे घेतल्यावरही सारे संपले नव्हते. पाचव्या चालीला घोड्याऐवजी उंटाने एफ७ चे प्यादे मारून शह द्यायचा, मग किल्लेकोट करून राजा सुरक्षित करायचा. घोडा जातो, पण त्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळतात, काळ्याच्या राजाचा किल्लेकोट कायमचा बुडतो आणि पांढऱ्याला लढण्याजोगा डाव उरतो. डाव खऱ्या अर्थाने पडला तो पाचव्या चालीला. तिच्यापुढे मित्राने काय लिहिले होते? "वजीर व हत्ती दोन्ही मिळणार, आनंद. चाल लगेच केली."

मला या दोन ओळींतले अंतर महत्त्वाचे वाटते. नुसते यंत्र पाहिले असते तर मित्राने सापळा पाठ केला असता आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सापळ्यात सापडला असता. वहीमुळे असे दिसले की हाव हे त्याचे खरे दुखणे नाही. आपण दोन मोहऱ्यांवर मारा केला की समोरचा आता काय करील हे पाहणेच तो थांबवतो. आपल्या धमकीच्या आनंदात त्याला दुसऱ्याची धमकी दिसत नाही. मी वहीची मागची पाने चाळली. डाव वेगळे, मोहरी वेगळी, पण तोच आनंद आणि तीच "लगेच" ही नोंद पुन्हा पुन्हा आली होती. मोहऱ्यांची मारामारी संपून पट मोकळा झाला की त्याचा हात सैल पडतो, हेही तेथे दिसले. पण ते दुखणे त्याने स्वतःच ओळखले होते.

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी १९४६ साली याच विषयावर प्रबंध लिहिला होता. थोर खेळाडूंपुढे आणि त्यांच्याहून कमी बळाच्या खेळाडूंपुढे एकच स्थिती मांडून ते त्यांना मोठ्याने विचार करायला लावीत. थोर खेळाडू पुष्कळ जास्त चाली पुढचे पाहतात असे काही आढळले नाही. ते योग्य चालीकडे लवकर वळतात, एवढे दिसले. पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी दाखवले की खऱ्या डावातली स्थिती निपुण खेळाडूला काही सेकंदांत लक्षात राहते, पण तीच मोहरी पटावर कशीही विखुरली तर त्याची स्मरणशक्ती नवशिक्याइतकीच होते. म्हणजे त्याच्या मनात ओळखीच्या आकृत्यांचा साठा असतो. आपल्या स्वतःच्या चुकीची जी आकृती आपण शब्दांत लिहून ठेवतो, ती या साठ्यात जाऊन बसते, असा माझा तर्क आहे. यंत्राने दाखवलेली आणि बोटाने पुढे ढकललेली आकृती बसत नाही.

वेळेचा रकाना अनेक जण गाळतात. तो गाळू नये. प्रत्येक चालीला किती सेकंद लागले हे संकेतस्थळे नोंदवून ठेवतात. काही चुका अज्ञानाच्या नसतात, घड्याळाच्या असतात, आणि त्यांना नवीन सुरुवाती पाठ करणे हे औषध नाही. दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्या बाटुमीतल्या अंतिम लढतीचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत. हंपीसारख्या अनुभवी ग्रँडमास्टरकडूनही घड्याळ संपत आले असताना चूक झाली. दमणुकीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ२ वर नेला. एक प्यादे कमी असूनही त्याचा डाव बरोबरीचा होता, आणि हत्तींची अदलाबदल झाली की डाव आणखी सोपा होईल असे कोणालाही वाटावे. पण त्याचा उंट कोपऱ्यात अडकला होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर आणून उंटांचीही अदलाबदल करायला लावली, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात ते जादा प्यादेच निर्णायक ठरले. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. "मारामारी करून टाकू, म्हणजे सुटलो" हे वाक्य मित्राच्या वहीत चार ठिकाणी आहे. त्याच्यापुढे त्याने आता डिंगचे नाव लिहून ठेवले आहे.

यावर एक जुना उपाय कोटोव्ह या रशियन ग्रँडमास्टरने आपल्या पुस्तकात नोंदला आहे. तो मूळचा ब्ल्यूमेनफेल्डचा. चाल ठरली की ती आधी कागदावर लिहायची, मग क्षणभर नवशिक्याच्या डोळ्यांनी पटाकडे पाहायचे आणि तेव्हाच खेळायची. स्पर्धांत आता हे चालत नाही. चाल करण्याआधी ती लिहिण्याला २००५ च्या नियमांनी बंदी घातली. मोबाईलवर तर कागदच नाही. मित्राने त्यावर आपली वऱ्हाडी युक्ती काढली आहे: चाल ठरली की तो दोन्ही हात गादीखाली घालतो. पाहणाऱ्याला हसू येते, पण "लगेच" ही नोंद अलीकडे वहीत कमी दिसते.

सगळेच डाव असे तपासावेत असे नाही. तीन मिनिटांच्या डावात विचारच झालेला नसतो, तर लिहिणार काय? दहा-पंधरा मिनिटांचा किंवा त्याहून संथ असा आठवड्यातला एखादाच डाव घ्यावा आणि त्याला तास-दीड तास द्यावा. सुरुवातीला हरलेलाच घ्यावा. मित्राने गेल्या महिन्यापासून जिंकलेले डावही काढायला सुरुवात केली आहे. त्यावर त्याची तक्रार अशी, की त्यात लाल शाई जास्त खर्च होते. समोरच्याने चुकीला शिक्षा दिली नाही, इतकाच काय तो फरक.