वाडीतला खाऊ, घरचा डबा

दिवाळीच्या फराळावर आपण भरपूर लिहितो, बोलतो. चकलीला काटा आला का, करंजीचा खाजा सुटला का, चिवडा तेलकट तर नाही झाला, याची घरोघरी चर्चा होते. फराळाचे डबे रिकामे झाले की मात्र मुलांच्या चार वाजताच्या भुकेकडे कुणाचे लक्ष राहत नाही. शाळेतून आलेल्या मुलाच्या हाती पाच-दहा रुपयांचे पाकीट पडते आणि वर्षाचे उरलेले दिवस तसेच जातात. हा लेख त्या उरलेल्या दिवसांसाठी आहे. त्यातले सांगणे एवढेच: पौष्टिक खाऊसाठी दूरदेशीच्या महागड्या बिया लागत नाहीत. आपल्या भागात जे पिकते ते वाळवायचे, भाजायचे, भिजवायचे आणि मोड आणायचे, एवढे हातचे ज्ञान पुरते. वसईच्या पट्ट्यातल्या गाससारख्या गावाला ते शिकायला बाहेर जावे लागत नाही.

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला सोपारा ओलांडून निर्मळकडे जाताना गास लागते. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी इथला बौद्ध स्तूप उकरून काढला आणि गावाची पुरातन कीर्ती पुन्हा जगासमोर आली. या पट्ट्याची दुसरी ओळख वाड्यांची. गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी या गावांत कुपारी आणि इतर समाजांनी विहिरी आणि बावखले (छोटी तळी) राखून केळी, पानवेल, भाजीपाला, फुले, नारळ पिकवले. इथल्या बायकांनी पहाटेच्या गाड्यांनी भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात नेली. आज वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. पण परसात केळीचे चार खुंट आणि शेवग्याचे एक झाड अजूनही बऱ्याच घरी आहे. खाऊची सुरुवात तिथूनच करू.

उन्हात पिकलेली मिठाई

वसईच्या खाऊत पहिला मान सुकेळीचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा. निर्मळची जत्रा दिवाळीनंतर कार्तिकात भरते, तेव्हा खाऊच्या दुकानांत सुकेळीही दिसते. आगाशीचे नाव तर सुकेळीशी कायमचे जोडले गेले आहे. ती होते राजेळी केळ्यांची. लांब, जाड सालीचे, घट्ट गराचे हे केळे केरळात नेंद्रन म्हणून ओळखतात. वेलची किंवा बसराई केळ्याची सुकेळी अशी जमत नाही. त्यांत पाणी जास्त, गर मऊ, त्यामुळे वाळण्याआधीच ती काळी पडून चिकटतात.

पद्धत साधी, पण राबवणारी आहे. पूर्ण भरलेला घड उतरवून उबेत पिकवायचा. साल पिवळी होऊन तिच्यावर काळे ठिपके आले की केळी सोलायची आणि मांडवावर ओळीने पसरायची. मांडव उंच आणि फटींचा असतो, म्हणजे खालूनही वारा लागतो. संध्याकाळी केळी गोळा करून झाकून ठेवायची. या झाकण्यात सगळे मर्म आहे. दिवसभराच्या उन्हाने केळ्याचे बाहेरचे अंग सुकते आणि आतला ओलावा अडकून राहतो. रात्रभर केळी एकत्र झाकून ठेवली की तो ओलावा हळूहळू बाहेर सरकतो आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला घेऊन जाते. घाईने एकदम कडक वाळवले तर वरून कातडे तयार होते आणि आत बुरशी धरते. असे आठवडाभर चालते. हळूहळू रंग मधासारखा होतो, बोटाने दाबले तर केळे लवचीक लागते, पाणी मात्र सुटत नाही.

यात साखर नाही, रंग नाही, टिकवण्याचे रसायन नाही. केळ्यातल्या पिठाची पिकताना साखर होते आणि पाणी गेल्यावर तीच गोडी दाट होते. वजन जवळपास निम्म्यावर येते. तंतू आणि पोटॅशियम मात्र त्यातच राहते. म्हणून एक सुकेळे म्हणजे एक पूर्ण केळे, हे लक्षात ठेवावे. लहान म्हणून चार खाल्ली तर चार केळ्यांची गोडी पोटात जाते. मधुमेह असलेल्यांनी तर ती मोजूनच खावीत.

पाऊस संपला की घरच्या गच्चीवरही थोडी सुकेळी करून पाहता येते. पिकलेली, पण घट्ट राजेळी उभी दोन फाके करून जाळीवर किंवा चाळणीवर पसरा, वरून पातळ मलमल बांधा. रात्री घरात डब्यात झाका, सकाळी उलटून पुन्हा उन्हात ठेवा. फाके पूर्ण केळ्यापेक्षा लवकर वाळतात. झाल्यावर काचेच्या बरणीत भरून दोन दिवस बरणीकडे लक्ष ठेवा. आतून काच दमट झाली तर अजून ऊन हवे. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच कापून बाकीचे खाण्याचा मोह टाळा, सगळे फेकून द्या.

सुकेळी करणारी घरे आता मोजकी उरली आहेत. मेहनत खूप, राजेळीची लागवड कमी, आणि अवकाळी पावसाची एक सर आठवड्याचे काम वाया घालवते. म्हणून जिथे अस्सल सुकेळी मिळते तिथे घासाघीस न करता घ्यावी.

पानावरची पानगी

केळीचे पानसुद्धा खाऊच्या कामी येते. कोकणपट्टीतली पानगी म्हणजे तेलाशिवाय होणारा सर्वांत सोपा गरम खाऊ. एक वाटी तांदळाचे पीठ घ्या. आपल्या पालघर जिल्ह्याच्या वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याची कणी दळून आणली तर उत्तम. त्यात एक पिकलेले केळे कुस्करा, दोन चमचे गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची घाला, दुधात किंवा नारळाच्या दुधात सरसरीत भिजवा. पानाच्या तुकड्याला तुपाचे बोट फिरवून पीठ पातळ पसरा, वरून दुसरे पान ठेवा आणि तव्यावर झाकण घालून भाजा. खालचे पान करपून तपकिरी झाले की उलटा. पान अलगद सुटून आले म्हणजे पानगी झाली. पानाचा वास पिठात उतरतो आणि तो वासच मुलांना स्वयंपाकघरात ओढून आणतो.

तिखट पानगीसाठी गूळ-केळे वगळून किसलेली काकडी, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मूठभर शेवग्याचा कोवळा पाला चिरून घाला. तांदळाच्या पिठात चौथा भाग मुगाच्या डाळीचे पीठ मिसळले तर प्रथिनेही वाढतात. तांदळात जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत भरपूर असते. खिचडी, इडली, डोसा या सगळ्यांचे बळ याच जोडीत आहे.

नाचणीला मोड का आणायचे

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे झळकली. पाकीट उलटून पाहिले तर त्यांतल्या पुष्कळांत मैदा आधी आणि नाचणी नावापुरती. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून पहिली तीन नावे वाचली की पाकिटाचे खरे रूप कळते.

शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत. पण नाचणीत फायटिक आम्ल असते आणि ते कॅल्शियम-लोहाला धरून ठेवते. मोड आणले की धान्यातली विकरे जागी होतात, हे आम्ल कमी होते आणि पिष्ट सुटे होऊन पचायला हलके जाते. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज पातळ राहते आणि बाळाला तेवढ्याच वाटीत जास्त पीठ देता येते. आपल्या आज्यांनी बाळाच्या पहिल्या घासासाठी हीच नाचणी निवडली, ती अनुभवाने.

कृती अशी: नाचणी निवडून धुवा, रात्रभर भिजवा, निथळून सुती फडक्यात बांधा. दिवसभरात पांढरे बारीक मोड दिसतात. मोड फार लांबवू नका. सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर कोरडी भाजा, दळून आणा. लाडवांसाठी दोन वाट्या हे पीठ चार चमचे तुपावर दहा-बारा मिनिटे खमंग भाजा. अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, पाव वाटी भाजलेले तीळ आणि वेलची घाला. गॅस बंद करा, पीठ कोमट झाल्यावरच पाऊण वाटी किसलेला गूळ मिसळा आणि लिंबाहून लहान वीस लाडू वळा. तीळ सालासकटचे घ्या. तिळातले बरेचसे कॅल्शियम सालात असते, पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते फारसे उरत नाही.

या मापात दोन लाडवांतून सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज साडेसहाशे मिलिग्रॅमची मानली आहे. सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही हे धरूनही दोन लाडवांचा हातभार मोठा आहे.

गूळ म्हणजे औषध नव्हे

घरचा खाऊ म्हणजे आपोआप पौष्टिक, हा समज मोडायला हवा. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण शरीराला तो साखरेसारखाच पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, पाच टक्क्यांपर्यंत आणली तर आणखी बरे. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा छोटे चमचे. गूळ, मध, फळांचा रस हे सगळे त्याच हिशेबात येतात. वरच्या लाडवात प्रत्येकी सहा-सात ग्रॅम गूळ पडतो. म्हणजे दोन लाडू खाल्ले की निम्मा कोटा संपला. त्या दिवशी सरबत नको, बिस्किट नको.

तळणाचेही तसेच. चिवडा तळलेल्या पोह्यांऐवजी पातळ पोह्यांना ऊन दाखवून मंद आचेवर कुरकुरीत भाजून करा आणि फोडणी बेताची घाला. चकली-शेव तळायचीच तर एकदा तापलेले तेल पुन्हापुन्हा तापवू नका. मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात जेवणातले मीठही धरायचे आहे.

एका जिल्ह्याची दोन टोके

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याच्या एका टोकाला वसई-विरारची गजबज, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे पाडे. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत आज डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. सरकारी योजनेनेही शेवटी साधे केळेच हाताशी धरले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शहरातली मुले पोटभर खातात, तरी त्यांतल्या अनेकांचे रक्त कमी असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी 68.9 टक्के आणि 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी आढळल्या. खाऊ इथे थेट उपयोगी पडतो. चण्या-मुगातले, पाल्यातले लोह शरीराला नीट मिळायला सोबत क जीवनसत्त्व लागते. म्हणून मोडाच्या मुगांवर लिंबू पिळा, चुरमुऱ्यांच्या भेळेत कैरी किंवा आवळा किसून घाला. आणि खाऊसोबत चहा देऊ नका, चहा लोह अडवतो.

आठवड्याचा डबा

नोकरी करणाऱ्या घरात रोज पानगी होणार नाही. रविवारी दोन तास काढले तर आठवडा निभतो. एका डब्यात नाचणीचे लाडू, दुसऱ्यात भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, तिसऱ्यात शेंगदाणे-फुटाणे. फडक्यात बांधलेले मूग किंवा चवळी मोड आल्यावर शीतपेटीत दोन-तीन दिवस राहतात. उकडलेले अंडे, सालासकट उकडलेले राजेळी केळे, उकडलेले रताळे यांना तर कृतीच नाही. गोडासाठी सुकेळी आहे, घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाळवलेल्या फोडी आहेत, हंगामात बहाडोलीची जांभळे आहेत. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये आणि बहाडोलीच्या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे सगळे आपल्याच जिल्ह्यातले.

काही पथ्ये पाळावीत. लहान मुलांना आख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. कूट करून द्यावे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. शेंगदाण्यांना बुरशी लागली असेल तर धुऊन, भाजून वापरू नयेत, कारण तिचे विष भाजूनही पुरते जात नाही. खवट वास आलेले कूटही टाकून द्यावे. म्हणून एका वेळी आठवड्याचेच करावे.

शाळांच्या उपाहारगृहांत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी मनाई केली आहे. नियम चांगला आहे, पण मुलाची जीभ घरी घडते. जे हाताने केले ते मूल चवीने खाते. म्हणून या दिवाळीत मुलांना फराळाच्या ताटाशी बसवण्याआधी कढईपाशी उभे करा. नाचणी भाजताना वास कधी बदलतो ते त्यांना ओळखू द्या, लाडू वाकडे वळले तरी वळू द्या. आणि केळी घेताना गास-निर्मळच्या वाडीतून आलेल्या बाईकडून घ्या. तिच्या केळ्यांना गिऱ्हाईक राहिले तरच ती वाडी राखेल, आणि वाडी राहिली तरच आपल्या मुलांच्या डब्यात हा खाऊ राहील.