हिशेब जुळविण्यासाठी माणूस

पोलीस कोठडीतील मारहाण भारतीय चित्रपटाला नवी नाही. परंतु मारणाऱ्याच्या क्रूर स्वभावापाशी न थांबता त्या मारहाणीमागील व्यवहार उलगडून दाखविणारे चित्रपट विरळाच. वेट्रीमारन यांचा ‘विसारणाई’, म्हणजे ‘चौकशी’, हा तमिळ चित्रपट त्यांपैकी एक होय. २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला व पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कोइमतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी १९८३ मध्ये गुंटूरच्या पोलीस कोठडीत जे भोगले, त्यावरील त्यांचे ‘लॉक अप’ हे पुस्तक या चित्रपटाला आधारभूत आहे.

पोटासाठी गुंटूरला आलेले आणि रात्री बागेत झोपणारे काही तमिळ तरुण पोलीस पकडून नेतात. एका वजनदार घरी चोरी झालेली असते आणि वरून तगादा असतो. चोर सापडत नाही. तेव्हा कबुली देणारा सापडला तरी काम भागते. ही निवड परप्रांतीय मजुराचीच का व्हावी? त्याला तेलुगू येत नाही, त्याला जामीन राहणारा कोणी नाही आणि तो नाहीसा झाला तर जाब विचारणारा मतदारही त्या गावात नाही. ज्या कारणांनी तो मालकाला स्वस्त पडतो, नेमक्या त्याच कारणांनी तो पोलिसांनाही स्वस्त पडतो.

न्यायालयात त्यांची सुटका होते, ती योगायोगाने तेथे आलेला एक तमिळ पोलीस अधिकारी दुभाष्याचे काम करतो म्हणून. पण हाच अधिकारी पुढे त्यांना आपल्या राज्यात नेतो. राजकारण्यांचे काळे व्यवहार ठाऊक असलेला एक हिशेब तपासनीस तेथे कोठडीत मरतो, हे तरुण नको ते ऐकून बसतात आणि त्यांचा निकाल लागतो. चित्रपटाचे येथे दोन तुकडे पडतात, असा आक्षेप घेता येईल. वस्तुतः दोन्ही भागांत एकच व्यवहार चालतो. खालच्या ठाण्यात गुन्ह्यांच्या निकालाचा आकडा जुळवायचा असतो, वरच्या ठाण्यात सत्तेचा हिशेब. आणि दोन्हीकडे तूट भरून काढण्यासाठी तोच माणूस वापरला जातो.

पोलिसांपुढील कबुली पुराव्यात ग्राह्य नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आले असून २०२३ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. म्हणूनच चित्रपटातील पोलिसांना त्या तरुणांनी न्यायाधीशापुढे गुन्हा कबूल करायला हवा असतो. अटकेसंबंधीचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात घालून दिले. तेव्हा उणीव केवळ कायद्याची नाही. निकालात काढलेल्या प्रकरणांच्या संख्येवरून पोलिसांची कर्तबगारी मोजली जाते, तोवर खोट्या कबुलीला मागणी राहणारच. आरोपीला त्याच्या भाषेतील दुभाषा पहिल्याच दिवशी, पोलीस ठाण्यातच मिळाला, तर निदान या स्वस्ताईला थोडा आळा बसेल. न्याय मिळणे योगायोगावर अवलंबून असेल, तर त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही.